सहीच्या आधीचा घोट

मेश्राम सिस्टरांची आणि माझी पहिली भेट औषधांच्या ट्रॉलीपाशी झाली. नागपुरातल्या आमच्या रुग्णालयाच्या कर्करोग वॉर्डात त्या प्रमुख परिचारिका होत्या आणि माझा नोकरीचा तिसरा दिवस होता. एकाच रुग्णाचे नाव मी चौथ्यांदा ताडून पाहत होते. मागून आवाज आला, "काहून वं, गोळीचं लग्न लावून राहिली काय? किती डाव पत्रिका जुळवशील?" सगळा वॉर्ड हसला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की ही सवय सोडू नको, फक्त हात जरा भराभर चालव.

औषध द्यायला मी पहिल्यांदा घरीच शिकले. आजोबा आजारी असताना आई त्यांची गोळी ताटाशेजारी ठेवायची आणि मी कॅलेंडरवर खूण करायची. आजोबा शिस्तीचे होते. ठेवलेली गोळी ते घेतच. घरातली ही रीत मी वॉर्डात आणली आणि तिथेच चुकले.

नरखेडकडच्या एक बाई आमच्याकडे दाखल होत्या. त्यांना इथे पार्वताबाई म्हणते. खरे नाव वेगळे आहे. आजार फार पुढे गेलेला होता. दुपार झाली की त्यांची छाती धडधडायची, पलंगाची कड धरून त्या बसून राहायच्या. या धास्तीसाठी डॉक्टरांनी जेवणानंतर एक गोळी सुरू केली. चार दिवस मी ती त्यांच्या वाटीत ठेवली आणि 'दिली' म्हणून सही केली. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काहीच फरक नाही. आजपासून डोस दुप्पट करू."

थोड्याच वेळात उशीचा अभ्रा बदलताना मेश्राम सिस्टरांच्या हाती कागदाची पुडी लागली. आत चार गोळ्या होत्या.

"सही तुझी हाय," त्या हळूच म्हणाल्या. "गोळी कागदावर गेली, पोटात नाही गेली."

नोकरी जाणार, असे वाटले. त्याहून भीती वाटली ती एकही गोळी पोटात न गेलेल्या बाईंना मिळणाऱ्या त्या दुप्पट डोसची. आणि त्यांनी साठवलेल्या गोळ्या एकदम घेतल्या असत्या तर? "डॉक्टरांना तुम्ही सांगाल का?" मी विचारले.

"मी संगं येतो. बोलशील तू."

डॉक्टरांसमोर मी अडखळले तेव्हाही सिस्टरांनी माझे वाक्य पुरे केले नाही. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी वाढीव डोस रद्द केला, मला खडसावले, चूक रीतसर लिहून द्यायला सांगितली. त्या कागदावर माझ्या सहीखाली सिस्टरांनी स्वतःची सही केली. पुढे लिहिले, "हिला मी नीट दाखवले नव्हते."

मग त्या पार्वताबाईंच्या पलंगावर जाऊन बसल्या. "काहून नाही घेतली गोळी, बाई? कडू हाय काय?"

"कडू नाही वं माय. दुपारच्या यष्टीनं पोरगी येते. गोळीनं मी झोपून राहिली अन् तिच्याशी बोलली नाही तं? किती दिवस राहिले माहे?"

"मंग आमाले सांगाचं न! आमी काय पोरीची गाडी थांबवून राहिलो?"

त्यांनी डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ मुलगी परतल्यानंतरची करून घेतली. त्या दिवशी पार्वताबाईंनी पाण्याचा घोट घेऊन गोळी गिळली. तोंड रिकामे झाल्याची खात्री व्हावी म्हणून सिस्टरांनी त्यांना मुलीशी काय बोलणे झाले ते विचारले. बाई पाच मिनिटे बोलल्या. नंतरच सिस्टरांनी पेन माझ्या हाती दिले. शेवटपर्यंत पार्वताबाईंची एकही दुपार मुलीशी बोलल्याशिवाय गेली नाही.

सिस्टरांची साठी आली, म्हणून हा लेख लिहिला आणि आधी त्यांनाच वाचून दाखवला. "माह्या गौरवात आपली चूक छापून राहिली काय वं?" त्यांनी विचारले. काढू का, म्हटले. त्या म्हणाल्या, "राहू दे. नव्या पोरी वाचतीन."

त्या नव्या मुलींपैकी कुणी डॉक्टरांसमोर अडखळेल, तेव्हा तिच्या शेजारी गप्प उभ्या राहायला आमच्या सिस्टर अजून पुष्कळ वर्षे ठणठणीत असोत, एवढेच मागणे.