चौथं शील

आमच्या ह्यांना बौद्धाचार्य मी केलं. आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे, तेव्हा मध्ये बोलायचं नाही.

सुदामा नगरातले आमचे जुने आचार्य वारले आणि समाजातली लग्नं अडून बसली. माझा भाचा निखिल विजय नगरात कंप्यूटरवर काम करतो. त्यानं फोनवर दाखवलं, ऑनलाइन कोर्स आहे, सहा रविवार, शेवटी तोंडी परीक्षा, पास झालं की लग्न लावायचं सर्टिफिकेट. मी म्हटलं, माझं नाव टाक. माझे वडील मिलमध्ये होते. अख्खी वंदना त्यांनी माझ्याकडून अशी घोटून घेतली होती की झोपेतून उठवा, म्हणून दाखवीन. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "शारदा, तुला कोण बोलावणार लग्न लावायला? निखिल, मेरा नाम डाल." आणि त्या मूर्खानं डालून दिलं!

हे वीज कंपनीतले रिटायर्ड बाबू. माणूस वाईट नाही हो, पण पाठांतराच्या नावानं बोंब. परीक्षेच्या दुपारी फोन डब्याला टेकवून टेबलावर उभा केला. हे पांढरा कुर्ता घालून समोर बसले, आणि मी टेबलाखाली. हो, खाली! गुडघे ठणकत होते तरी ओळ न् ओळ सांगत होते. पंचशीलातली पहिली तीन शीलं ह्यांना यायची, चौथ्याला गाडी अडायची. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. मी खालून कुजबुजले, "मुसावादा..." ह्यांनी ते खणखणीत म्हटलं. परीक्षक तिकडून म्हणाले, "बहुत बढ़िया, दिवाकरजी!"

मला वाटलं, चला, सुटले. कसली सुटते! पहिल्याच लग्नात कागद घरी राहिला, मी मागून ओळ सांगितली, तर कुणीतरी म्हणालं, आचार्यजी कागद न बघता म्हणतात. झालं. त्या दिवसापासून ह्यांनी कागद हातात धरला नाही. आणि मी मेणबत्ती सांभाळायच्या निमित्तानं ह्यांच्या पाठीशी उभी. चौथं शील आलं की ह्यांचा हात मागे यायचा, माझा पदर ओढायचा, मी सांगायची. बायका म्हणायच्या, "मिसेस किती सेवा करते!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी म्हणायची, अहो, एक ओळ आहे, पाठ करा. तर म्हणे, "कर लेंगे, टेंशन मत ले." चार वर्षं! सांगायचं तरी कुणाला? सांगितलं असतं तर अर्ध्या कॉलनीला आपली लग्नंच खोटी वाटली असती.

मग आमच्या सुरभीचं जमलं. मी एकच मागितलं. माझ्या पोरीचं लग्न मी लावीन. मोठ्यानं, माइकवर.

हे म्हणाले, "मुलाकडचे देवासचे. सर्टिफिकेट माझ्या नावाचं. काय सांगू त्यांना?" आणि डोळ्यांत पाणीच आलं ह्यांच्या. "शारदा, तीस वर्षं नोकरीत मला कुणी 'जी' लावलं नाही गं."

मी हट्ट सोडला. पण मनात ठरवलं, या लग्नात चौथं शील मी सांगायची नाही. अडू देत चारचौघांत. खरं काय ते आपोआप बाहेर येईल, आणि मग माइक माझ्याच हातात येईल.

लग्नाच्या दिवशी सुरभी पांढऱ्या साडीत इतकी गोड दिसत होती, की माझी नजर हटेना. त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. हे थांबले. हात मागे आला, माझा पदर ओढला. मी ओठ दाताखाली धरले. मुलाकडचं कुणीतरी म्हणालं, "क्या हुआ भिया, माइक गया क्या?" ह्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. दया आली. तरी तोंड उघडलं नाही.

तेवढ्यात ऐकू आलं, "मुसावादा..."

सुरभी. मान खाली, हार तोंडाशी धरलेला, ओठ जेमतेम हललेले. बापाला ऐकू जाईल आणि नवऱ्याला जाणार नाही, एवढाच आवाज. अगदी माझ्यासारखा. ह्यांनी ते माइकवर खणखणीत म्हटलं आणि सगळ्या हॉलनं मागोमाग म्हटलं.

चार वर्षं मीच तिला बरोबर न्यायची, फुलांचं ताट धरायला. पोरगी बघत होती. मी तिला माइकवर बोलायला शिकवलं नाही, हे शिकवलं. आणि वर तिनं माझ्याकडे बघून हळूच हसून घेतलं, जणू आईची लाज राखली. काळजात अशी कळ आली म्हणून सांगू! वाटलं, इथंच ओरडावं, नको गं बाई, तू तरी नको.

पाचवं शील ह्यांना पाठ आहे. ते सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, हळू आवाजात.