चेहऱ्यावरून पेटी लावणारे

कोलकात्याला बदली झाली आणि ट्रकच्या प्रवासात माझी पेटी बेसूर झाली. ती दुरुस्त करायला बराकपूरहून एक म्हातारे कारागीर आले. एकेक पट्टी दाबून ते माझ्या तोंडाकडे बघत. माझ्या कपाळाला आठी पडली की लगेच आतला सूर, म्हणजे पितळेची जीभ, काढून घासत. मी पाठीमागून दोनदा चहाचं विचारलं, पण ते वळलेच नाहीत. यांना ऐकूच येत नाही की काय? वळल्यावर त्यांनी माझा चेहरा वाचलाच.

"दादा, ऐकू येत नाही हे कुणाला सांगू नका," ते हिंदीत म्हणाले.

शेवटची पट्टी किंचित उतरलेली वाजली. ते टक लावून बघत होते. मी हसून मान डोलावली.

आता गाताना ती पट्टी लागली की मी थांबतो. पुढच्या घरी त्यांच्यासमोर कुणाचा चेहरा असेल?