शीत आघाडी कुणाची?

हवामानाच्या ऑफिसात नोकरी केली आणि किस्से जमले नाहीत, असं होत नाही. डॉक्टरला आजारी माणसं विचारतात, आम्हाला सगळेच! आणि विचारणाऱ्याचं काहीतरी अडलेलं असायचं. सत्तरच्या दशकात सांगलीला विश्रामबागेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मी असिस्टंट, बर्वेसाहेब प्रमुख. बस्स, एवढाच स्टाफ.

*

हिवाळ्यात वरून तार यायची आणि साहेब ती बाहेरच्या फळ्यावर लिहायचे. एकदा इलेक्शनच्या धामधुमीत एक पुढारी फळ्यापुढं थबकले. ‘उत्तरेत शीत आघाडी सक्रिय.’ चेहराच उतरला त्यांचा. तसेच आत आले.

“ही शीत आघाडी कुणी काढली? आमाला कसं कळलं न्हाई?”

साहेबांनी शांतपणे समजावलं, “अहो, थंड हवा जड असते. ती पुढं सरकते आणि गरम हवेच्या बुडाखाली घुसते. गरम हवा वर उचलली जाते, तिचे ढग होतात. दोन हवांची जिथं गाठ पडते, ती शीत आघाडी.”

पुढाऱ्यांनी जरा विचार केला.

“म्हंजी बुडाखाली घुसून वरच्याला उचलायचं. मग आमचीच की!”

*

ही आघाडी आमच्या मुलखापर्यंत सहसा पोचत नाही. उत्तरेत ती पाऊस-बर्फ पाडते. आमच्याकडं कधी नुसतं आभाळ येतं, आणि ते निवळलं की उत्तरेचा वारा सुटून कडाका पडतो. पण आष्ट्याच्या तात्यांना तेवढंही पुरे होतं. ऊस काढून त्यांनी द्राक्षं लावली होती, आणि गावात तेव्हा दुसरी बाग नव्हती. फुलोऱ्यात ढग आले की रोग पडलाच म्हणून समजा.

तात्या एसटीनं यायचे. येऊन आधी आभाळाकडं बघायचे, मग साहेबांकडं.

“अंशतः ढगाळ,” साहेब एकदा म्हणाले.

“अंशतः म्हंजी? माज्या रानावर का भावकीच्या?”

*

त्याच फुलोऱ्यात खरंच आभाळ दाटलं. तात्या धावत आले. “फवारा मारू का थांबू? तुमी म्हनाल तसं!”

साहेबांनी नकाशा पुनःपुन्हा पाहिला. “पाऊस नाही पडणार. ढग जातील, मग गारठा येईल. पण फवारणी चुकवू नका.”

तात्या गेले आणि साहेब घडोघडी अंगणात जाऊन आभाळ बघायला लागले. “पाऊस पडला तर रे? औषध धुऊन जाईल. बाग जाईल माणसाची!” ढग हटले, थंडी पडली, तरी त्यांना चैन नाही. शेवटी सायकली काढून आम्ही दोघं आष्ट्याला गेलो.

बाग हिरवीगार होती. तात्या मांडवाखाली निवांत भाकरी खात बसले होते. साहेबांना बघितलं आणि हातातला तुकडा तसाच राहिला.

“आवं साहेब, तुमी सोता आलाय? आता काय येतंय वरनं?”

*

साहेबांच्या मुलीचं लग्न निघालं, भर थंडीत, उघड्या मैदानावर. व्याही रोज विचारायचे, “आभाळ कसं राहील?” साहेब ठामपणे सांगायचे, “निरभ्र!” आणि आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, “दोन ताडपत्र्या बघ. गुपचूप.”

ताडपत्र्या कसल्या लपतात! मांडवावर चढल्या आणि गावभर झालं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, आणि अख्खं वऱ्हाड छत्र्या घेऊन हजर!

*

उंब्रजच्या आक्कांबद्दल मात्र मी फार कुणाला सांगत नाही. त्यांचा धाकटा मुलगा पलटणीत होता, काश्मीरकडं कुठंतरी उंचावर. त्या वर्षी बर्फानं तिकडचे रस्ते बंद झाले आणि खुशाली येईना. पुढं उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला, धडधाकट. पण त्या सकाळी ते कुणाला ठाऊक होतं?

अंगाभोवती घोंगडी लपेटून आक्का ऑफिसात आल्या. आमच्याकडं तेव्हा थंडीची लाट होती. त्यांना वाटलं, साहेब पिकाचं सांगतील.

“हितलं नगं. तिकडचं सांगा.”

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. “आघाडी इथून पुढं सरकलीय, आक्का. बर्फ थांबला असेल आता.”

“असंल?”

खोटं साहेबांना जमत नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं.

आक्का नकाशाजवळ गेल्या. साहेबांच्या बोटापासून खाली सांगलीपर्यंत नुसती नजर फिरवली.

“मग आपल्याकडं सुटलाय तो वारा तिकडनंच आलाय न्हवं?”

“हो. तिकडूनच.”

“म्हंजी त्येच्या अंगावरनं.”

आक्का बाहेर पडल्या. अंगणात जाऊन उत्तरेला तोंड करून उभ्या राहिल्या. वारा नुसता झोंबत होता. मी दारातनं ओरडलो, “आवं आक्का, आत या, गारठाल!”

त्यांनी अंगावरची घोंगडी काढली, घडी करून पायरीवर ठेवली आणि तशाच उभ्या राहिल्या.