खडू उचलला की नदी तुटती

कोळपे सरांची भीमा सरांच्या हातून पुसली गेली नव्हती. ती मी पुसली. हे वाक्य आजवर मी कुणापुढं उच्चारलेलं नाही, बायकोपुढंही नाही. काही आठवड्यांपूर्वी सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी शिरूरच्या कॉलेजात तास संपवून जिना उतरत होतो. दौंडचा एक जुना विद्यार्थी बोलत होता, "सर, आपले भूगोलाचे कोळपे सर गेले. सकाळी अंगणातच..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. दुःख झालं, खोटं सांगत नाही. पण त्याच्या आधी मनात जे आलं ते सांगायला जीभ रेटत नाही... आता त्यांना कधीच कळणार नाही, असं आलं. आणि हायसं वाटलं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या भागातल्या कॉलेजांत कम्प्युटर नुकते आले होते आणि प्राध्यापकांनी शिकवताना ते वापरावेत असा वरून रेटा होता. मी तासिका तत्त्वावर, तिशीच्या आतला. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं दौंडला जायचं आणि आपल्याहून कितीतरी मोठ्या माणसांना माउस धरायला शिकवायचं, हे माझं काम. खरं तर मी कुणालाच शिकवत नव्हतो. "सर, तुम्ही नुसतं बोला, मी करून देतो," म्हणायचो. स्लाइड मी बनवायचो, ते "पुढं" म्हणायचे, मी बटण दाबायचो. त्यांची सोय, माझी सोय, आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद वर जायची.

एकटे कोळपे सर ऐकायचे नाहीत. "तुम्ही दाबलं तर तुम्हाला आलं. मला कवा येणार, गुरुजी?" मला गुरुजी म्हणायचे. आधी टोमणा वाटला, तो नव्हता. सर राहूचे. लहानपणी वडलांच्या मेंढरांमागं भीमेचा काठ त्यांनी पायाखाली घातलेला. फळ्यावर नदी काढायचे ती उगमापासून थेट, हात न उचलता. "खडू उचलला की नदी तुटती," म्हणायचे. तीच रीत त्यांनी माउसला लावली. बटण एकदा दाबलं की सोडायचं नाही. टेबल संपायचं, माउस हवेत जायचा, बोट तसंच दाबलेलं आणि नदी जागच्या जागी थांबलेली. शेजारचे कॉमर्सचे सर म्हणायचे, "कोळपे, मधीच धरण बांधलं का वो?" "बांधलंय. पण गाळ सगळा तुमच्या डोक्यात साठलाय," असं म्हणून सर पुन्हा उगमापासून सुरू करायचे. दिवाळीच्या सुट्टीतही लॅबची किल्ली मागून घ्यायचे, राहूहून मोपेडवर यायचे. शेवटी एक दिवस मला हाताला धरून पडद्यापुढं नेलं. पांढऱ्यावर निळी, थरथरती रेघ. मुळा-मुठा मिळते ती जागा, खाली घोड मिळते ती जागा, सगळी वळणं जिथल्या तिथं. "बघा, एका दमात काढलीय. आन् सेव्ह बी मीच केलीय."

मग कॉलेजच्या पाहणीला समिती यायची ठरली. कम्प्युटरवर घेतलेला एक तास त्यांना बघायचा होता. प्राचार्यांनी कोळपे सरांचं नाव दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे नीट पार पडलं तर तुमच्या कायम होण्याचं मी बोलतो." आदल्या संध्याकाळी मी सरांची फाईल उघडली. ती वाकडी रेघ, तिच्या कडेनं मोठाल्या अक्षरांत गावांची नावं... मला लाज वाटली. सरांची नाही, माझी. हेच का तुमचं प्रशिक्षण, असं कुणी म्हणालं तर? एका सीडीवरून देशातल्या नद्यांचा रंगीत नकाशा घेतला, उडत येणारी अक्षरं घातली, त्यांना आवाज घातला, आणि सगळं सरांच्याच फाईलच्या नावानं, तिच्याच जागी ठेवलं. जुनी पुसून नवी ठेवू का, असं कम्प्युटरनं मला विचारलं. मी सरांना विचारलं नव्हतं.

सकाळी सांगू, असं ठरवलं होतं. सकाळी वेळही होता. इस्त्रीचा शर्ट घालून सर व्हरांड्यात उभे होते. ओठ हलत होते, उजवा हात मांडीवर नदी गिरवत होता. मी जवळ गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. "गुरुजी, आज तुमचं नाव काढतो का न्हाई बघा," सर म्हणाले. मी "हो सर" म्हणालो आणि पाणी प्यायला निघून गेलो.

वर्ग भरला. समितीतल्या बाई पुढं, प्राचार्य त्यांच्या शेजारी, मी भिंतीकडेला. "ही आपली भीमा," म्हणत सरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर आवाज करत इंग्रजी अक्षरं उडत आली. मुलं हसली. सर थांबले. पुन्हा दाबलं. देशाचा नकाशा आला. त्यात भीमा इतकी बारीक, की नावसुद्धा नव्हतं. सर पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि बोटानं तिला शोधू लागले. चेहऱ्यावर, कपाळावर त्या नकाशाचे रंग पडलेले. "घाई नाही सर, मागं जाऊन बघा," बाई समजुतीनं म्हणाल्या. आपल्याकडूनच काहीतरी गेलं, हे तोवर सरांनी धरलेलं मला दिसत होतं. त्यांनी सवयीनं खिशातला खडू काढला आणि फळ्याकडं वळले. फळा पडद्यामागं होता. पडदा मीच टांगला होता. तो वर करायला मला किती वेळ लागला असता?... सरांनी खडू परत खिशात टाकला.

"तुम्ही यांना शिकवलं होतं ना?" प्राचार्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं.

"हो सर. सराव कमी पडला बहुतेक."

सरांनी माझ्याकडं बघितलं, आणि मान डोलावली. "व्हय. माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं." मला वाचवायला म्हणाले असते तर एक वेळ बरं होतं. त्यांना ते खरंच वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, माझी भीमा कुठं गेली असंल?" मी म्हणालो, "सेव्ह झाली नसेल सर." "तसंच असंल," म्हणाले आणि निघून गेले. लॅबची किल्ली पुन्हा कधी मागितली नाही. स्टाफरूममध्ये "कोळपे, भीमा आटली का?" ही चेष्टा सर निवृत्त होईपर्यंत चालली. तेही हसायचे, पण उलटं उत्तर द्यायचे बंद झाले. त्यांचं बघून बाकीचे तर माउसच्या वाटेलाच गेले नाहीत. मी मात्र यथावकाश कायम झालो. आज शिरूरला विभागप्रमुख आहे, नव्या प्राध्यापकांना हेच शिकवतो.

दहाव्याला राहूला गेलो. नदीवरचं सगळं उरकून सरांच्या घरी आलो, तर त्यांच्या पत्नीनं, काकूंनी चहा दिला आणि फडताळातला मोबाइल काढून दाखवला. काचेवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा तसाच. "पोरीनं दिलाय. ह्यांनी कवा बोट लावलं न्हाई. नातीचं तोंड दिसायचं त्यात, पर हे हात पाठीमागं धरून बसायचे. म्हनायचे, तू धर, माझ्या हातानं पुसलं जातं." काकू कौतुकानं हसल्या. "एवढं शिकलेला माणूस, पर मशीनला भ्यायचे बघा." मी कप खाली ठेवला. बोलायला तोंड उघडलं... आणि चहा चांगला झालाय, असं म्हणालो.

हा मजकूर रविवारी छापून येईल. तो काकूंच्या हाती पडण्याआधी मला राहूला जायचं आहे. त्यांच्यासमोर बसून, आपल्या तोंडानं, एवढंच सांगायचं आहे की सरांच्या हातानं कधीही काही पुसलं गेलं नव्हतं. हे मी सरांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.