जाजमावरचे पंच

कापसाच्या गाडीवर बसून आलेल्या माणसाच्या अंगाला रुई चिकटते. कितीही झटकली तरी दोन दिवसांनी खिशातून निघतेच. ग्रामपंचायतीत नोकरी केलेल्या माणसाला किस्से असेच चिकटतात. आम्ही रिटायर झालेली मंडळी संध्याकाळी जमलो की कोणीतरी म्हणतं, "ग्रामसेवक, सांगा एखादा हसण्यासारखा!" मी सुरू करतो. पहिल्या किश्श्याला हसतात. पुढे पुढे सगळ्यांच्या कपातला चहा गार होत जातो.

साठ सालानंतरच्या गोष्टी आहेत या. मी यवतमाळचा पोरगा, नवी नोकरी. बोरी अरबच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपला की पुढे गाडीवाटेनं जायचं, अशा गावात नेमणूक झाली. सरपंच होते नारायणराव. घरची मोठी कपाशी, पण बोलणं मोजकं. उपसरपंच बापूराव. त्यांची शेती त्याहून मोठी, अन् बोलणं शेतीपेक्षा मोठं! चावडीच्या एका खोलीत जाजम अंथरून सभा व्हायची.

*

पहिल्याच सभेचा किस्सा.

वस्तीच्या वॉर्डातून सोनबा निवडून आले होते. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. मोलमजुरी करायचे. सभेला धुतलेला सदरा घालून आले, अन् जाजमाच्या एका कोपऱ्यावर बसले.

ते बसले तसा एकेक पंच उठू लागला. कोणाला खोकला आला, कोणाला पिंक टाकायची होती. बाहेरून परत आले ते भिंतीला टेकून उभेच!

नारायणरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. "काहून गा? बसत काहून नाही?"

"असंच. पाय अवघडले जरासे."

"बरं. मग उभ्यानंच होऊ द्या सभा. ग्रामसेवक, पहिला विषय वाचा. सावकाश वाचा."

त्या दिवशी कोंडवाड्याच्या फाटकावर जेवढी चर्चा झाली तेवढी मी पुढे आयुष्यात कधी कोणत्या विषयावर ऐकली नाही. सरपंच आणि सोनबा बसलेले, बाकी पुरुषमंडळी उभी. पुढच्या सभेतही तेच. तिसऱ्या सभेत म्हातारे तुळशीरामजी गुडघ्यांतून गेले. भिंतीवरून घसरत घसरत खाली आले ते थेट सोनबाच्या शेजारी. वर ओरडले, "ए, शिवू नको मले!"

सोनबा म्हणाले, "शिवत नाही जी. पण तुम्ही माह्या धोतरावर बसले आहा, थोडं उठा!"

*

श्रमदानाचे दिवस होते. उन्हाळाभर सगळ्या गावानं खपून रस्ता केला. माती टाकली, मुरूम टाकला, हार घालून फोटो काढला. पाहणी करायला तालुक्याचे साहेब आले ते नेमके पाऊस पडून गेल्यावर. आमची काळी माती! जीप चाकं बुडेपर्यंत रुतली. साहेब खाली उतरले तर पोटऱ्यांपर्यंत चिखलात. चिडून म्हणाले, "सरपंच, तो तुमचा श्रमदानाचा रस्ता कुठं आहे?"

नारायणराव म्हणाले, "साहेब, तुम्ही त्याच्यातच उभे आहा."

बापूराव हा किस्सा लग्नाच्या पंगतीत, बाजारात, सगळीकडे सांगायचे. लोक पोट धरून हसायचे. नारायणरावांना मी तो कधी सांगताना ऐकलं नाही. त्याच पावसाळ्यात त्यांच्या भावजयीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना बैलगाडी तिथेच रुतली होती. आम्ही चिखलात उतरून खांदे लावले. गाडी निघाली, पण मग पुढे नेण्यात काही अर्थ उरला नव्हता. नारायणरावांनी बैल तिथूनच परत फिरवले.

*

पंचायतीत बाईमाणूस एकच. पार्वताबाई. विधवा बाई, स्वतःचं वावर स्वतः वाहणारी. कायद्यानं बाईची जागा भरायची म्हणून त्यांना आणलं होतं. त्या दारातच बसायच्या, पदर पुढे ओढून. अंगठा उठवायचा अन् घरी जायचं, एवढंच काम आहे असं सगळ्यांनी धरलं होतं.

एकदा रस्त्यावरच्या दिव्याचा विषय निघाला. खांबावर टांगायचा रॉकेलचा कंदील, तोही एकच मंजूर. कोणाला तो देवळापुढे हवा, कोणाला आपल्या दारापुढे. भांडण रंगलं असताना दारातून आवाज आला.

"बायका जाते त्या वाटेवर लावा."

"कोणत्या वाटेवर?"

"गावाखालच्या. पहाटे बायका बाहेर जाते तिथं. दगडाइच्या सांदीत साप-किडूक हाय."

आधी कोणाला कळेचना. कळल्यावर बापूराव असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे पंचायतीचा दिवा हगणदारीत लावाचा म्हणता, बाई!" मग सगळेच हसले. दिवा देवळापुढे लागला.

कापूस वेचणीचे दिवस आले. एका पहाटे बापूरावांच्या सुनेला त्या वाटेवर साप चावला. पोरीनं सासरी पहिली दिवाळीही पाहिली नव्हती. मांत्रिक येईपर्यंत अन् गाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं.

तेरावं झाल्यावर बापूरावांनी देवळापुढचा खांब स्वतः उपटला, खांद्यावर घेतला अन् त्या वाटेवर नेऊन रोवला. कोणाला हात लावू दिला नाही. पार्वताबाई वावरातून येत होत्या, थांबल्या. बापूराव खाली पाहत म्हणाले, "पार्वताबाई, पुढच्या सभेत आधी तुम्ही बोलाचं."

त्या म्हणाल्या, "मी आधीच बोलली होती, भाऊ."

*

जरा हलकं सांगतो.

आमच्या शाळेला मास्तर नव्हता. म्हणजे होता, पण तालुक्याच्या कचेरीत. कसल्या तरी मोजणीच्या कामाला त्याला तिकडे बसवलं होतं. नारायणराव दर बाजाराच्या दिवशी कचेरीत जायचे अन् ओसरीवर बसायचे. "साहेब दौऱ्यावर आहेत." "साहेब मीटिंगमध्ये आहेत." "साहेब आत्ताच गेले." एकदा तर साहेब समोर उभे असताना कारकुनानं सांगितलं, की साहेब नाहीत!

एके दिवशी नारायणरावांनी गाड्या जुंपल्या. शाळेतली सगळी पोरं भरली अन् नेऊन कचेरीच्या ओसरीवर रांगेनं बसवली. "चाला रे, म्हणा पाढे!"

पोरांनी असे काही पाढे सुरू केले की आतली टाइपरायटरं बंद पडली. साहेब बाहेर आले. "हा काय तमाशा आहे?"

"तमाशा कायचा साहेब? शाळा भरली हाय," नारायणराव म्हणाले. "मास्तर इकडं राह्यतात, म्हणून शाळाच इकडं आणली!"

त्याच आठवड्यात मास्तर गावात आला. चांगला होता, पोरांना मारत नव्हता. पोळ्यापर्यंत टिकला, मग हिवतापानं धरला अन् घरचे लोक येऊन त्याला घेऊन गेले. पोरं वाटेला लागून बसलेली मी पाहिली आहेत. तीच पोरं, त्याच रांगेत.

*

हरी नाईक हा आमच्या तांड्यावरचा पंच. त्याच्या आजोबांच्या वेळेपर्यंत ही मंडळी बैलांवर मीठ अन् धान्य लादून गावोगाव फिरायची. मग इथे वावरं केली अन् थांबली. हरी गोष्टीवेल्हाळ. सभेत सगळ्यांत मोठ्यानं हसणारा.

एका वर्षी पटकीची साथ आली. टोचणीवाले आले, पण तांड्यावर कोणी हात पुढे करेना. सुईनंच माणूस मरतो अशी भुमका उठलेली. हरीनं पंचायतीसमोर टोचून घेतलं, मग तांड्यावर जाऊन सगळ्यांसमोर परत टोचून घेतलं! दोन्ही दंड सुजले, ताप भरला, तरी खाटेवर बसून सगळ्यांना सांगत होता, "पाहा, जिता हाय मी!" लोक हळूहळू पुढे आले.

त्याची याडी, म्हणजे आई, काही ऐकेना. "तू लहान होता तेव्हा मी तुले सुईबिगर वाढवलं," म्हणाली. हरी हसला. म्हणाला, "जाऊ द्या, म्हातारी हाय. तिले कायले त्रास देता?"

तांड्यावर त्या साथीत एकच माणूस गेलं. हरीची याडी.

पुढच्या वर्षी पुन्हा टोचणी निघाली. एक म्हातारा घराचं दार लावून बसला. हरीनं खांदा लावून दार आत पाडलं, म्हाताऱ्याला उचलून बाहेर आणलं अन् स्वतः त्याचा दंड धरून ठेवला. मी म्हटलं, "नाईक, अशी जबरदस्ती बरी नाही. ऐकून तरी घ्या त्याचं."

हरी म्हणाला, "एकदा एकाचं ऐकलं मी. आता कोणाचंच ऐकत नाही."

*

आता शेवटचा.

गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायकांना चढू देत नसत. त्या खाली घागर ठेवून उभ्या राहायच्या. वरून कोणी ओतलं तर पाणी, नाही तर ऊन. कायदा काय म्हणतो हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. कायद्याला मात्र त्या विहिरीची वाट ठाऊक नव्हती.

एका कोरड्या वर्षी सरकारकडून एक नवी विहीर मंजूर झाली. बापूरावांचं म्हणणं, ती गावठाणात व्हावी. नारायणराव म्हणाले, वस्तीत. सभेत मतं सारखी पडली. सोनबा, हरी, पार्वताबाई अन् आणखी एकदोघं सरपंचांच्या बाजूनं. बरोबरी झाल्यावर निर्णय सरपंचांच्या मतावर आला.

बापूराव म्हणाले, "नारायणराव, इचार करा. सरपंचकी जाईन."

"जाऊ द्या," नारायणराव म्हणाले. "वस्तीत खोदा."

खोदली. कातळ लागला, सुरुंग लावले, उन्हाळाभर ठोकाठोक चालली. अन् लागलं पाणी. गोड पाणी. सोनबाची बायको पहिल्यांदा घागर भरून वर आली तेव्हा ती घागर डोक्यावर न घेता नुसतीच काठावर ठेवून बसली. बराच वेळ बसली.

मग बापूरावांनी अविश्वासाचा ठराव आणला. कारण लिहिलं होतं, 'सरपंच मनमानी करतात'. गावात हवा अशी तापलेली, की आधी सरपंचांच्या बाजूनं असलेलेही फिरले. सोनबा, हरी अन् पार्वताबाई तेवढे उरले. ठराव पडणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. वस्तीतल्या लोकांना तर आतापासूनच ऐकवलं जात होतं, की सरपंचाच्या बाजूनं राह्यले त उद्यापासून वावरात पाय ठेवायचा नाही.

सभा चालवायला तालुक्याहून साहेब आले. खोली भरलेली, खिडकीत माणसं. साहेब म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

बापूरावांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग बाकीचे. सोनबा मांडीवर हात ठेवून तसेच बसले. हरी अन् पार्वताबाईही.

नारायणराव म्हणाले, "सोनबा, हात वर कर."

सोनबानं मान हलवली.

"विहीर झाली. आता ते कोणी बुजवत नाही. पण उद्या सकाळी तुले बापूरावच्याच वावरात कामाले जाचं हाय. घरी लेकरं हायेत. हात वर कर."

"मले नाही जमत, मालक."

"मालक नोको म्हणू. सरपंच हाय मी अजून. सरपंच सांगते तुले, हात वर कर."

सोनबाचा हात वर गेला. वर गेला, पण बोटं मिटलेलीच होती. डोळे त्यांनी जाजमावर लावले. नारायणरावांनी हरीकडे पाहिलं, पार्वताबाईंकडे पाहिलं. हरीनं तोंड फिरवून हात वर केला. पार्वताबाईंनी पदराआडून केला.

मग नारायणरावांनी स्वतःचा हात वर केला.

साहेब चमकले. "सरपंच, अहो, ठराव तुमच्याविरुद्ध आहे!"

"माहीत हाय साहेब. या पंचायतीत एक काम तरी एकमतानं व्हावं, असं लय दिवसाचं मनात होतं."

कोणी हसलं नाही. मी हात मोजले, सगळेच वर. साहेबांनी टोपण काढून लिहायला घेतलं, अन् रिवाज म्हणून, मान वर न करताच विचारलं, "विरोधात कोणी?"

बापूरावांनी आपला हात खाली घेतला. जरा वेळ मांडीवर ठेवला. मग परत वर केला.

"अहो, तुम्ही काय करता? ठराव तुम्हीच आणलाय ना!"

"म्याच आणला," बापूराव म्हणाले. "लिहा तुम्ही."