थापी आपली, दगड त्यायचा

भूमिपूजन आटोपलं, की जमादार आधी थापी धुवायचे. महापौर मोटारीत बसलेले असायचे, फोटोवाला निघून गेलेला असायचा, पेढ्यांच्या खोक्याभोवती झुंबड उडालेली असायची. आणि हा उंच, वाळका माणूस एका कडेला उकिडवा बसून थापीवरचं ओलं सिमेंट अंगठ्याच्या नखानं खरवडत असायचा. मग ती गणवेशाच्या बाहीनं पुसायची, डोळ्यांसमोर धरून फुंकर मारायची आणि हिरव्या कापडात गुंडाळायची. "कचेरीत जाऊन धुवा की, एवढी घाई काहून?" असं मी विचारलं, की उत्तर ठरलेलं.

"सिमिट वाळलं का मंग निंगत नाई, बाबू. थापी आपली हाय, दगड त्यायचा."

मुठीला चांदीचा पत्रा मढवलेली ती थापी होती. महापौरांनी कोनशिलेखाली सिमेंटचा एक गोळा लावायचा, टाळ्या घ्यायच्या आणि थापी जमादारांच्या हातात द्यायची, एवढंच तिचं काम. मी इथे कुणाचंच नाव घेणार नाही. जमादारांचं घेत नाही, कारण ते त्यांना आवडलं नसतं. महापौरांचं घेत नाही, कारण त्यांची नावं गावभर दगडांवर कोरलेली आहेत, तेवढी पुरेत.

जमादार म्हणजे महापौरांच्या दालनाचे मुख्य शिपाई. मी सभा विभागात कारकून. सभांचं इतिवृत्त आणि कार्यक्रमांचे वृत्तांत लिहिणं माझ्याकडे. ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. तेव्हा महापौर वर्षभराचा असायचा. पोळ्याच्या बैलाची मिरवणूक एका दिवसाची, यांची एका वर्षाची. दावं दोघांचंही दुसऱ्याच्या हातात. खरी सत्ता आयुक्तांकडे. त्यामुळे निवडून आल्या दिवसापासून महापौरांना एकच घाई, आपलं नाव दगडावर चढलं पाहिजे. त्या दगडामागं काम होतं की नाही, हे बघायला ते खुर्चीवर नसायचेच.

नवा महापौर आला, की त्याला शिकवायचं काम जमादारांचं. झगा कसा घालायचा, घंटा केव्हा वाजवायची, गोंधळ झाला की कोणत्या दारानं निघायचं. "साहेब, सभेत रागावले तरी उभे नोका राहू, झगा पायात येते," हे ते प्रत्येकाला सांगायचे, आणि प्रत्येक महापौर एकदा तरी झग्यात पाय अडकून पडायच्या बेतात यायचा. तेव्हा त्यांना धरायला मागे जमादारच असायचे.

पहिल्या आठवड्यात, दालनात कुणी नाही असं बघून, ते प्रत्येक महापौरांना एक गोष्ट मागायचे. फक्त एकच. "साहेब, आमच्या वस्तीत एक नळ द्या जी." त्यांची वस्ती सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे. शे-सव्वाशे घरं, बरीचशी त्यांच्यासारखी धम्मदीक्षा घेतलेली. पाणी म्हणजे नाल्यापलीकडच्या एका मळ्यातली विहीर. मालक सकाळी नऊपर्यंत भरू द्यायचा, मग फाटकाला कुलूप. "होऊन जाईल," म्हणायचे महापौर. दर वर्षी वेगळा माणूस आणि तेच दोन शब्द.

शेवटी एका महापौरांना वस्तीतली मतं मोजावीशी वाटली, आणि नळयोजनेचं भूमिपूजन ठरलं. त्या आठवडाभर जमादार दालनात चालायचे ते जमिनीला पाय न लागल्यासारखे. मला म्हणाले, "तुमी या बरं, बाबू. आमच्या वस्तीचं चांगलं लिवा."

मे महिना होता. सकाळी पालिकेचा टँकर वस्तीत शिरला आणि बायका भांडी घेऊन धावल्या. टँकर थांबला नाही. तो त्यांच्यासाठी आलाच नव्हता. मोटारीनं धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारायला तो आला होता. मागची नळी सोडलेली, आणि चांगलं पिण्याचं पाणी मुरमावर पडून जागच्या जागी जिरत होतं. शंभर बाया रिकामी भांडी कमरेवर घेऊन ते बघत उभ्या होत्या. आज लिहितानासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एक बाई पुढे झाली आणि तिनं चालत्या टँकरच्या नळीखाली आपला पाण्याचा पितळी गुंड धरला. तिच्यामागं दुसऱ्या धावल्या. तेवढ्यात महापौरांची मोटार वळणावर आली आणि झोन अधिकारी ओरडला, "जमादार, त्या बाया हटवा आधी!"

पहिली बाई जमादारांची बायको होती. त्यांचा डबा घेऊन ती कचेरीत यायची, म्हणून मी ओळखत होतो. तिथं दुसरं कुणी ओळखत नव्हतं. जमादार लाल पट्ट्याच्या गणवेशात तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सरक वं," ते हळू आवाजात म्हणाले.

"तुमी? तुमी मले हटवून राहिले?"

"ड्युटीवर हावो मी. सरक वं, लोक पाहून राहिले."

तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग अर्धा भरलेला गुंड कमरेवर घेतला आणि चालू लागली. एवढ्या रागातसुद्धा तिनं थेंब सांडू दिला नाही. जमादारांनी हात आडवे धरून बाकीच्या बायका मागे सारल्या. महापौर उतरले, ओल्या रस्त्यावरून चालत गेले, दगड बसवला, पंचवीस मिनिटं भाषण केलं. त्या दिवशी जमादारांनी थापी धुतली नाही. मूठभर वाळू घेऊन घासली.

आणि मी? मी कचेरीत येऊन लिहिलं, "परिसरातील महिलांनी माननीय महापौरांचे उत्स्फूर्त स्वागत केले." हे माझंच अक्षर आहे. वळणदार अक्षर म्हणून माझं तेव्हा कौतुक व्हायचं. राग महापौरांवर काढणं सोपं आहे, पण त्या कागदावर हात माझा होता.

वर्ष संपलं, नळ आला नाही. दुसऱ्या पक्षाचा महापौर आला. आधीच्याच्या नावाच्या दगडावर हा कसा पाणी आणणार? त्यानं पुन्हा भूमिपूजन ठरवलं. कंत्राटदार हिशेबी निघाला. त्यानं जुनाच दगड उखडून आणला आणि मागच्या गुळगुळीत बाजूवर नवं नाव कोरलं. एका बाजूला एक महापौर, दुसऱ्या बाजूला दुसरा. जुनी बाजू कोनशिलेच्या बुटक्या भिंतीत गाडली जाणार, कुणाला कळायचं कारण नव्हतं.

दगड गवंड्याच्या हाती देऊन पडदा बांधायचं काम नेहमीप्रमाणे जमादारांकडे होतं. वस्ती पुन्हा जमली. या वेळी टँकर नव्हता, पण बायका रिकामी भांडी घेऊन आल्याच होत्या. महापौरांनी दोरी ओढली, पडदा सरकला, फोटोवाल्यानं फोटोही काढला. आणि दगडावर नाव आधीच्या महापौराचं!

मग बायकांच्या घोळक्यात कुणी तरी खळखळून हसलं, आणि बघता बघता सगळी वस्ती हसू लागली. महापौरांचा चेहरा लालबुंद झाला.

"जमादार, काय आहे हे?"

"चूक झाली, साहेब," जमादार हात जोडून म्हणाले. "मले दोनी बाजू सारख्याच दिसल्या."

जमादारांना वाचता येत नसेल, असं समजून लोक आणखी हसले. मी हसलो नाही. रोज सकाळी महापौरांचं वर्तमानपत्र टेबलावर ठेवण्याआधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस मला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला. टंकलेखन माझ्याकडेच आलं. "कर्तव्यात अक्षम्य हलगर्जीपणा," आणि कोंडवाड्यावर बदली. जमादारांनी मेमो वाचून सही केली. मी विचारलं, "मुद्दाम केलंत ना?"

त्यांनी पेनाला टोपण लावून ते मला परत दिलं. मग म्हणाले, "वरीस झालं, बाबू. भाकर देत होती, पण बोलत नोती माह्यासंगं. काल पयले तीच हासली. आयकलं नं तुमी?"

महापौरांच्या फजितीला मी तोवर बंड समजत होतो. या माणसानं नोकरी पणाला लावली होती ती बायकोच्या एका हसण्यासाठी. मी मेमोची कार्बन प्रत नीट लावण्याचं सोंग केलं.

ते गेल्यावर थापी धुवायला कुणी उरलं नाही. दोन-तीन भूमिपूजनांत तिच्यावर सिमेंट वाळून दगड झालं. चांदीचा पत्रा तेवढा चमकायचा, आणि फोटोत तेवढाच दिसायचा.

कोंडवाड्यावर मी एकदा त्यांना भेटायला गेलो. ते मोकाट पकडून आणलेल्या गाई-म्हशींना पाणी पाजत होते. मला बघून हसले आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं नळ होता. पितळी तोटीचा, धो-धो वाहणारा.

"ढोरायले नळ हाय, बाबू," ते म्हणाले. "माणसायचाबी येईन कवा तरी."

संध्याकाळी घरी जाताना ते सायकलला दोन डबे बांधून पाणी न्यायचे. कुणी तरी चुगली केली. दुसरा मेमो निघाला, "पालिकेच्या पाण्याचा खाजगी वापर." तोही मीच टाइप केला. नोकरी होती, घरी पोरंबाळं होती, वगैरे वगैरे. ही कारणं मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत, की आता ती तुम्हाला सांगायची लाज वाटते. ज्यानं शंभर बायांसमोर रस्त्यावर टँकर ओतला, त्याला मेमो द्यायची पद्धत मात्र आमच्या कचेरीत नव्हती.

जमादार निवृत्त झाले आणि दोन उन्हाळ्यांनी गेले. निरोप कळला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी पोचलो, तर अंगणात माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती आणि सगळं खोळंबलं होतं. शेवटच्या आंघोळीला पाणी नव्हतं. मळ्याच्या फाटकाला नऊलाच कुलूप पडलं होतं आणि मालक हिंगण्याला गेला होता.

मग कुणी काही न सांगता घराघरातून बायका निघाल्या. प्रत्येकीच्या हातात एक तांब्या. रांजणाच्या तळाशी पिण्यापुरतं ठेवलेलं पाणी त्या घेऊन येत होत्या आणि अंगणातल्या घंगाळात ओतून मुकाट्यानं बाजूला होत होत्या. वस्तीच्या तोंडाशी ती कोनशिला उभी होती. चूक सुधारून दुसऱ्या महापौराचं नाव आता दर्शनी बाजूला होतं. एका म्हातारीनं दम खायला आपला तांब्या तिच्यावर ठेवला, मग उचलून घेऊन आली.

घंगाळ भरलं तेव्हा जमादारांची बायको माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"बाबू, तुमी लिवता नं सभेतलं? मंग हे लिवा. याहीच्या आंघोळीचं पाणी कोनं देल्लं, ते लिवा."

मी मान हलवली. त्या महिन्याच्या सभेत शोकप्रस्ताव झाला. तो एका माजी महापौरांसाठी होता. सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि त्यांनी शहरासाठी काय काय केलं, ते मी वळणदार अक्षरात सव्वा पान लिहिलं. शिपायासाठी प्रस्ताव होत नसतो, म्हणून तिनं सांगितलेलं लिहायला मला जागा सापडली नाही.

ते आज लिहितो आहे. वीस वर्षं महापौरांची थापी धुणाऱ्या जमादारांच्या शेवटच्या आंघोळीला वस्तीनं आपल्या पिण्यातलं पाणी दिलं. आमच्या पालिकेचा त्यात एक थेंब नव्हता.