चार निकष आणि आमच्या हत्तरगे मॅडम

प्रा. शिवकांता हत्तरगे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते लातूरला, एम.ए.च्या पहिल्या वर्षी, अपसामान्य मानसशास्त्राच्या तासाला. मी चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला. मानसशास्त्र घेतलं की माणसाकडे बघून तो वेडा की शहाणा ते ओळखता येतं, अशी माझी समजूत होती. मॅडमनी फळ्यावर चार निकष लिहिले. वागणं क्वचित आढळणारं आहे का, समाजाच्या रीतीला सोडून आहे का, त्या माणसाला स्वतःला त्रास होतो का, आणि त्याच्या रोजच्या कामात अडथळा येतो का. मग म्हणाल्या, "ओळखीचं एक माणूस घ्या, नाव बदला, आणि या चार निकषांवर निबंध लिहा."

मला माणूस शोधावा लागला नाही. आमच्या घरातच होती. माझी आत्या नवरा वारल्यावर माहेरी आलेली. एके दिवशी तिनं आपलं अंथरूण उचललं आणि गोठ्यात राहायला गेली. दिवसभर म्हशीशी बोलायची. घरातल्यांनी हाक मारली तर उत्तर द्यायची नाही. गावातली बायामाणसं गोठ्याच्या दाराशी थांबून हसायची. धाकट्या बहिणीची सोयरीक जुळवणं चालू होतं, त्यामुळे माझ्या थोरल्या भावानं, दादानं, आत्याला दूरच्या एका आश्रमात नेऊन ठेवायचं ठरवलं होतं. मी निबंधात चारही निकष लावले आणि आत्याला अपसामान्य ठरवलं. तुलनेसाठी मानसिक आरोग्याचा नमुना म्हणून आमच्या वहिनींना घेतलं. चार माणसांचं काम एकटीनं करणाऱ्या, वर तोंड करून न बोलणाऱ्या, कायम हसतमुख. अख्खं गाव म्हणायचं, सून असावी तर अशी.

मॅडमनी निबंध परत दिला तेव्हा त्यावर गुण नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "या बाईंना त्रास होतो असं तू लिहिलंस. त्यांना विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. तिच्याशी बोलावं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मॅडम एस.टी.नं चाकूरला उतरल्या. मी त्यांना मोटारसायकलवरून गावी नेलं. घरात न जाता त्या सरळ गोठ्यात गेल्या आणि पेंडीच्या पोत्यावर बसल्या. तासभर बसल्या. मी दाराशी उभा होतो. आत्या बोलली, कितीतरी महिन्यांनी माणसाशी बोलली. "घरात म्या बोलाय लागले की समदे उठून जातेत. ही म्हैस न्हाई जात. कान हलवती. मग म्या कुणासंगं बोलू, तुमीच सांगा बाई?"

मॅडम बाहेर आल्या. दादा हात जोडून म्हणाला, "मॅडम, गाव हसायलंय आमाला. काहीतरी करा."

"आत्याबाईंचं बरोबर हाय की," मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या उदगीरकडच्या. जीव लावून बोलायला लागल्या की त्यांची बोली तिकडची व्हायची. "जेवतात, झोपतात, धारा काढतात. तुम्ही रोज जाऊन अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. आश्रमाचं नंतर बघू."

मग जेवायला बसलो. वहिनी वाढत होत्या. मी काहीतरी गंमत सांगायला लागलो आणि वहिनी हसल्या. मॅडमनी मान वर केली. गंमत अजून सांगून झाली नव्हती. भाजीत मीठ दोनदा पडलेलं होतं, ते मीही गिळलं होतं आणि गप्प बसलो होतो. मॅडम मात्र हात धुऊन चुलीपाशी गेल्या आणि वहिनींशेजारी खाली बसल्या. "झोप लागती का गं बाई?" एवढंच त्यांनी विचारलं.

वहिनींचे हात पिठातच थांबले. मग म्हणाल्या, "मॅडम, मला काय बी वाटंना झालंय. लेकरू जवळ आलं तरी काय वाटंना. पाण्याला आडावर जाते तवा माझी मलाच भीती वाटती."

आईनं पदर तोंडाला लावला. दादानं त्या घरात रोज दोन वेळा वहिनींच्या हातचं खाल्लं होतं. मीही खाल्लं होतं.

मॅडम त्या दिवशी एकट्या परतल्या नाहीत. दादा आणि वहिनींना सोबत घेऊन लातूरला गेल्या, आपल्या घरी ठेवून घेतलं आणि सकाळी स्वतः मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. उपचार वर्षभर चालले. त्या वर्षात मॅडम महिन्यातून एकदा आमच्या गावी येत राहिल्या आणि दर वेळी आधी चुलीपाशी बसत. आज वहिनी गावच्या अंगणवाडीत काम करतात, आणि मनात आलं तर दादावर ओरडतातही.

मी मात्र पुरता गोंधळलो. वहिनी चारपैकी कोणत्या निकषात बसत होत्या? त्यांचं वागणं रीतीला धरून होतं, कामात खंड नव्हता, आणि त्रास त्यांनी कुणाला दिसू दिला नव्हता. मी मॅडमना म्हटलं, "म्हणजे ज्याला त्रास होतो तोच आजारी, असं धरायचं ना?" त्या म्हणाल्या, "आणि ज्याला स्वतःला काहीच त्रास नाही, पण ज्याच्या पावलांच्या आवाजानं घर दचकतं, त्याचं काय करशील?"

एक गोष्ट इथं लिहायलाच हवी. त्या हिवाळ्यात आत्या गोठ्यातल्या गारठ्यानं आजारी पडली, दुखणं फुप्फुसापर्यंत गेलं. मी मॅडमवर चिडलो. तुम्हीच तिला तिथं राहू दिलंत, असं तोंडावर म्हणालो. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. "चुकलं असेल माझं," म्हणाल्या, आणि दवाखान्यात आत्याच्या उशाशी दोन दिवस बसून राहिल्या. आत्या बरी झाली, थोडे दिवस घरात राहिली आणि पुन्हा गोठ्यात गेली. पुढं कैक वर्षं जगली. तिला तिथं राहू देणं बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मॅडमनाही नसावं.

आता मी नांदेडला हाच विषय शिकवतो. चार निकष फळ्यावर लिहितो, विद्यार्थी उतरवून घेतात, आणि मला रोज वाटतं की आपण यांना अर्धंच काहीतरी देतोय. मागच्या वर्षी इस्लापूरकडची एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली. "सर, मी नॉर्मल हाय का?" मी विचारलं, "जेवलीस का?" ती रडायला लागली, आणि मग बोलायला लागली. त्या दिवशी मला मॅडमची शिकवण थोडीशी हाती लागल्यासारखं वाटलं. ती नेमकी काय, हे विचाराल तर सांगता येणार नाही.

मॅडमच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आणि शेवटी येऊन अडलो. इथं आरोग्य चिंतायचं असतं. पण आरोग्य म्हणजे काय, ते मला कुठं ठाऊक आहे? शेवटी त्यांनाच फोन केला. त्या हसल्या. "मलाही नीट ठाऊक नाही रे. पण सकाळी उठून काहीतरी करावंसं वाटावं. आणि ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी ते सांगायला कुणीतरी जवळ असावं. एवढं चिंतलंस तरी पुष्कळ झालं."

मॅडम, तेवढंच चिंततो. अशा पुष्कळ सकाळी आपल्या वाट्याला येवोत. आणि ज्या दिवशी काही करावंसं वाटणार नाही, त्या दिवशी आम्हाला बोलवा. नांदेडहून लातूर काही लांब नाही. मी येऊन बसेन.